गॅपचं प्रतिज्ञापत्र

आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिचं बोलणं गेलं, वाचणं गेलं, आणि मी पीएच.डी. अर्धी सोडून गावी, तेरला परतले. तीन वर्षं दुपारभर आम्ही दोघी अंगणातल्या लिंबाखाली शब्दांची वाट बघत बसायचो. तेरणा नदीकडून वारा यायचा, सावली खाटेवरून हळूच मातीत उतरायची, आणि मधेच कधीतरी आईच्या ओठांवर ‘पाणी’ उमटायचं. मग आठवड्यानं ‘चिमणी’. पुढं मी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवू लागले. दिवस कुठं गेले, कळलं नाही.

पुन्हा प्रवेश घ्यायला गेले, तर विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, “मधली तीन वर्षं रिकामीच की! गॅपचं प्रतिज्ञापत्र आणा.”

धाराशिवला तहसीलसमोरच्या टायपिस्टला मी सगळं सांगू लागले. तो म्हणाला, “ताई, मजकूर ठरलेला हाय. समद्यांचा ह्योच असतो.” डोकं तापलं होतं, पण मुदत संपत होती. सही ठोकली.

घरी आल्यावर आईनं तो कागद मांडीवर घेतला आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचला, “सदर कालावधीत मी घरीच होते व काहीही केलेले नाही.”

तीन वर्षांत पहिल्यांदाच ती कुठंही अडखळली नाही.