कंसातले आकडे

शकुंतलाबाईंना इंग्रजी वाचता येत नसे, पण यशवंतपुरात त्यांच्याइतके प्रबंध कुणाच्या हाताखालून गेले नसतील. नवऱ्यामागे बाइंडिंगचं दुकान त्याच चालवत. पानं बरोबर लागलीत की नाही ते बघायची त्यांची स्वतःची रीत होती. समीकरणाशेजारी कंसात आकडा असतो. तो पुढच्या पानांत परत कुठे येतो, ते बोटानं शोधायचं. मागचा आकडा पुढे भेटत राहिला, की प्रबंध एक.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये रम्या आपला प्रबंध न्यायला आली आणि टेबलावरचे दोन खंड उलटून पाहू लागली.

"अक्का, हा एकच आहे. दोन का बांधलेत? परवा शेवटची तारीख."

"चुकलं माझं. पण पहिल्या भागातला एकही आकडा दुसऱ्यात नाही. मला वाटलं, मैत्रिणीचाही टाकलास."

"विषयच तो आहे हो. वीज आणि चुंबक यांचा एक सिद्धांत, प्रकाशाचा दुसरा. दोन्ही एक झाले म्हणजे नेमकं काय झालं?"

"काय झालं?"

"विजेच्या आणि चुंबकाच्या मापांतून एक वेग निघतो. तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला."

"कुठल्या पानावर आहे ते?"

रम्यानं दुसरा खंड उघडला, चाळला, मिटला.

"ते सगळ्यांना ठाऊकच असतं. म्हणून गाळलं."

"मला नव्हतं ठाऊक," शकुंतलाबाई म्हणाल्या. "उसवून एकत्र शिवू? संध्याकाळी मिळेल."

रम्यानं दोन्ही खंड त्यांच्यापुढे सरकवले. "स्वल्प, जरा थांबा. उसवा, पण शिवू नका."

शेवटच्या दिवशी दुपारी ती नवी अकरा पानं घेऊन आली. केस विंचरलेले नव्हते. शकुंतलाबाईंनी बोट फिरवलं. पहिल्या भागातला तीन पॉइंट सात दुसऱ्या भागाच्या चौथ्या पानावर भेटला. मग त्यांनी सुईत दोरा ओवला.

"गोंद ओला आहे. रिक्षात मांडीवर दाबून धर."

साडेपाचला रम्या परत आली ती पावती दाखवायला. "घेतला, अक्का."

शकुंतलाबाईंनी सुया चिकटवून ठेवायचा लोहचुंबक उचलला, बल्बपाशी नेला, इकडेतिकडे फिरवून पाहिला. काहीच झालं नाही.

"बैस," त्या म्हणाल्या. "आता मला सांग, याचा आणि त्या उजेडाचा संबंध काय? पहिल्यापासून सांग. गाळू नकोस."