तेल आम्ही लावलं, बॅट मुलांनी नेली

माझ्या हार्डवेअरच्या दुकानात जवसाच्या तेलाचा डबा उघडला, की अजून डोकं तापतं.

जुन्नरला शाळेत नवी बॅट आली, तेव्हा मी सरांशी सौदा केला होता. आम्ही मुलींनी तेल लावून, महिनाभर चेंडूने ठोकून ती तयार करायची आणि आमच्या सामन्याला तीच घ्यायची. सामन्याच्या सकाळी मुलांच्या कॅप्टनने ती सरावाला उचलली. मी भांडले.

सर म्हणाले, “अगं, पोरांना तालुक्याला खेळायचंय. तुमाला धोपाटणं बी चालंल की!”

सगळे हसले. माझ्या संघातल्या पोरीसुद्धा हसल्या. शाळेच्या जुन्या, फुटक्या बॅटने आम्ही सतरा धावांत गारद झालो.

सर वारले, तेव्हा मी हार घेऊन गेले. त्या पोरी मात्र अजून दुकानात येतात. “मैत्रिणीला कमी कर की गं!” म्हणतात.

मी दमडी सोडत नाही.