दादासाठी कोमट समुद्र

दादा नेव्हीतून कायमचा घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला काही झालंय असं कुणाला वाटलं नसतं. तो उसात काम करायचा, सायकल चालवायचा, नीट जेवायचा. फक्त विहिरीत उतरायचा नाही. फलटणजवळच्या आमच्या गावात निम्म्या पोरांना त्यानंच त्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. आता ती पोरं हाका मारायची आणि तो काठावरून नुसता हसायचा.

तो नेव्हीत पाणबुड्या होता. शेवटच्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका धरणात त्यांना कामाला पाठवलं होतं. तळाशी, गोठवणाऱ्या पाण्यात, त्याचा हात बधिर झाला. कमरेची दोरी ओढून वरच्यांना खूण करायची असते, ती त्याला ओढता येईना. सोबत उतरलेल्या जोडीदारानं त्याला वर आणलं. एवढं त्यानं पत्रात कळवलं होतं. त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही.

मी तेव्हा सांगलीत एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि विश्रामबागेत एक खोली घेऊन राहत होते. दादा मिरजेच्या डॉक्टरांना हात दाखवायला आला की माझ्याकडेच उतरायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हात उत्तम आहे. नसांना थंडी सोसत नाही, एवढंच. गार पाणी टाळा."

त्याच दिवसांत त्या जोडीदाराचं पत्र आलं. हा मल्याळी माणूस नेव्ही सोडून अंदमानात धक्क्याच्या बांधकामावर पाणबुड्याचं काम करत होता. 'रविवारी पाण्यात उतरायचं सगळं सामान रिकामं असतं. ये, दोघं उतरू,' असं त्यानं लिहिलं होतं. दादानं पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

"जाणार का?" मी विचारलं.

"कशाला? पाणी गार निघालं म्हणजे?"

"मग गार नसेल तेव्हा जाऊ."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काही फार शहाणपणाचं बोलले नव्हते. पण भूगोल शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?

आधी कळायला हवं होतं की 'गार' म्हणजे नेमकं किती. विज्ञानाच्या सरांकडून मी लांब तापमापक मागून आणलं. नाक्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला. बादलीत पाणी, त्यात बर्फ, आणि दादा डोळे मिटून कोपरापर्यंत हात बुडवून पाण्यातच सुतळीला गाठ मारतोय, असा आमचा रविवार गेला. अठरा अंशांना बोटं हलेनात. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता उठून जाईल. मी पटकन गरम पाणी ओतलं. बावीसला गाठ बसली, पण सैल. पंचविसाला त्यानं एका दमात गाठ मारली, सोडली, परत मारली.

"अजून एकदा बघू," तो म्हणाला. तो स्वतःहून असं म्हणाल्याचं मला फार बरं वाटलं.

मग मी जोडीदाराला लिहिलं, की महिन्यातून एकदा पाण्याचं तापमान कळवा, वरचंही आणि खालचंही. तो खरोखरच कळवू लागला. पोस्टकार्डं यायला कधी तीन आठवडे लागायचे. मी आलेखाच्या कागदावर टिंबं देत गेले. पाणी बाराही महिने पंचविसाच्या वरच होतं, हे पाहून माझा अर्धा जीव भांड्यात पडला. पण नुसतं कोमट असून भागत नव्हतं. पावसाळ्यात तिकडे बोटी हलत नाहीत आणि पाणी गढूळ होतं. वर्षअखेरीस वारं फार. फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण तेव्हा माझ्या शाळेच्या परीक्षा. मे अर्धा उलटला की तिकडे पाऊस. उरला एप्रिलचा शेवट: समुद्र शांत, पाणी सगळ्यांत उबदार आणि मला सुट्टी.

गावी सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "गार-कोमट बघून कुनी समुद्रात जातं व्हय?"

आई म्हणाली, "आवं, बंबातलं पानी हात घालून बघितल्याबिगर तुमी तरी आंगावर घेताय का? जाऊ द्या पोरास्नी."

मद्रासहून बोटीनं निघालो आणि चौथ्या दिवशी पोचलो. पहिल्याच रविवारी छोट्या होडीतून किनाऱ्यापासून थोडं आत गेलो. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती. मी तापमापक बाटलीत बांधून खाली सोडलं. थोड्या वेळानं भरलेली बाटली वर ओढली.

"किती?" दादानं विचारलं. तो पाठीवर हवेची टाकी बांधून बसला होता आणि त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"अठ्ठावीस."

"परत बघ."

परत बघितलं. अठ्ठावीसच होतं. जोडीदारानं दादाच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोघं पाण्यात उतरले. पहिला हिसका आला, दुसरा आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी हळूच दोरी ओढून विचारलं, उत्तर नाही. बुडबुडे येत होते, पण ते कुणाचे ते मला कसं कळणार? होडीवाल्याकडे बघितलं तर तो विडी पेटवत होता. आलेख, पोस्टकार्डं, सगळा आपलाच उद्योग, असं मनात आलं. मी दोन्ही हातांनी दोरी धरली, ओढणार एवढ्यात खालून असा जोरात हिसका आला की मी फळीवरून खाली बसले.

दादा वर आला तो बोलतच. तोंडातली नळी नीट काढायचाही त्याला धीर नव्हता. "कासव! एवढं मोठं! डोळ्यासमोर!"

"आणि दोरी?"

"विसरलो गं."

जोडीदारानं त्याला मल्याळममध्ये आणि मी मराठीत एकदमच झापलं. तो हसत होता. दोन्ही हातांनी होडीची कड धरून नुसता हसत होता, आणि मलाही रडू येता येता हसू आलं.

दुपारी जोडीदाराच्या घरी भात-मासे खाताना दादा आपणहून धरणाबद्दल बोलला. खाली किती काळोख होता, बोटं आपली नाहीतच असं कसं वाटलं, आई आठवली, सगळं. जोडीदार म्हणाला, "मी पण घाबरलो होतो. तुला कधी सांगितलं नाही." दादानं त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

पुढच्या रविवारी ते दोघं सकाळीच निघाले. "येतेस?" दादानं दारातून विचारलं.

"नाही. तू जा."

मी पाण्याचं तापमानही विचारलं नाही. कपडे धुतले, वाळत घातले, आबांना कार्ड लिहिलं, आणि ते परत येईपर्यंत गाढ झोपले.