सतराव्यांदा वीज घालवली तेव्हा

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनीअर म्हणून नोकरीला लागलो तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. मी धुळ्याकडचा. आणि आमच्या कारखान्यात बनायचे ते जहाजावर बसवायचे संगणक. कारखाना छोटाच, चाळीसेक माणसं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

नौदलाला तेव्हा जहाजाच्या इंजिनरूमसाठी संगणक हवा होता. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान यांवर त्यानं सतत नजर ठेवायची आणि काही बिघडलं तर गजर द्यायचा. आमच्याकडून आणि दुसऱ्या एका कारखान्याकडून नमुना मागवला होता. दोघांतला एकच घेणार होते.

आमच्या मालकांनी त्यात सगळ्यात नवा, वेगवान प्रोसेसर घातला, हार्ड डिस्क बसवली, परदेशातून ऑपरेटिंग सिस्टीम आणली. पडद्यावर इंजिनाचं रंगीत चित्र दिसायचं. दुसऱ्यांच्या यंत्रात जुनापुराणा, संथ प्रोसेसर, डिस्क नाहीच, सगळा प्रोग्राम चिपमध्ये कायमचा भरलेला, आणि पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. आम्ही त्या यंत्राला हसायचो.

चाचणीखोली मामांकडे होती; सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. पन्नाशीचे, जवळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावचे, मासेमारीच्या घरातले. वडील आणि भाऊ होडीवर. हे एकटे आयटीआय करून कारखान्यात आलेले. यंत्र थरथरत्या टेबलावर बांधायचं, भट्टीत तापवायचं, मिठाच्या पाण्याच्या धुक्यात दिवसच्या दिवस ठेवायचं, आणि जे घडेल ते नोंदवहीत लिहायचं, हे त्यांचं काम. धुक्याची पेटी उघडली की ते आधी स्क्रूंची डोकी बोटानं चाचपायचे.

"खारं पानी कुटूनबी शिरतंय, सायेब. होडीला खिळा कसा खातंय ते मी बगितलंय."

मिठात आमचं यंत्र टिकलं. अडकलं ते विजेवर. जहाजावर वीज अचानक जाते, अचानक येते. मामांनी तसंच करून पाहिलं. बहुतेक वेळा यंत्र आपोआप सुरू व्हायचं. पण कधीतरी एकदा पडदा काळा व्हायचा आणि त्यावर इंग्रजीत एक प्रश्न यायचा: डिस्कवर चूक आढळली आहे, दुरुस्त करू का? कुणी बटण दाबून 'हो' म्हणेपर्यंत यंत्र तसंच थांबून राहायचं.

मामांनी ते वहीत लिहिलं. तारीख घातली, सही केली.

मालकांनी मामांना आणि मला बोलावलं. "एवढ्याशा गोष्टीवरून ऑर्डर घालवायची का? हे पान बदला."

मामा म्हणाले, "शेठ, इंजिनात पानी शिरलं तं मानूस पंपाकडं धावंल का बटन दाबाया येईल?"

दुसऱ्या दिवशी वॉचमननं मामांना गेटवरच अडवलं. डबा आणि कामाच्या चपला आत राहिल्या होत्या, त्या घ्यायला तेवढं सोडलं. त्याच वेळी मालक माझ्याजवळ उभे होते. "चाचणीखोली आता तुमच्याकडे," ते म्हणाले, आणि त्यांनी नोंदवही माझ्यासमोर सरकवली.

मला कुणी धमकावलं नाही, हे मुद्दाम सांगतो. मला ती खोली हवी होती. मी पान फाडलं. मान वर केली तर दाराच्या काचेपलीकडे मामा डबा घेऊन उभे होते.

पंधरवड्यानं नौदलाचे अधिकारी आले. त्यांतले वरिष्ठ मराठी होते, मृदू बोलणारे. रंगीत चित्राकडे त्यांनी जेमतेम पाहिलं.

"ही चिप पंधरा वर्षांनी कोण बनवेल?" त्यांनी विचारलं.

"तोवर याहून नवी येईल, सर," मालक म्हणाले.

"नवी येईल. पण आमचं जहाज तेच असेल." मग त्यांनी विचारलं, "ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत काय आहे ते तुमच्याकडे आहे का? उद्या चूक निघाली तर दुरुस्त कोण करणार?"

ते आमच्याकडे नव्हतं. परदेशी कंपनीचं बंद पाकीट होतं ते.

मग ते स्वतः उठले आणि भिंतीवरचं मुख्य बटण बंद करू लागले. बंद, चालू, यंत्र उभं राहीपर्यंत थांबायचं, पुन्हा बंद. सोबतचा अधिकारी कागदावर रेघा मारत होता. सोळा वेळा यंत्र उठलं. सतराव्यांदा काळ्या पडद्यावर तो प्रश्न आला.

मी पुढे झालो, तर त्यांनी हातानं थांबवलं. खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले आणि दहा मिनिटं मनगटावरचं घड्याळ पाहत राहिले.

"कुणी उत्तर दिलं नाही, तर हे किती वेळ थांबेल?"

"कायमचं, सर," मी म्हणालो.

"आधी कधी असं झालं होतं?"

मालक माझ्याकडे पाहत होते. "नाही, सर," मी म्हणालो.

त्यांनी नोंदवही मागितली. पानांवर छापील आकडे होते. चाळीसवरून पानं थेट त्रेचाळीसवर गेली. शिवणीत राहिलेल्या कागदाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग मागची पानं उलटली.

"ही सही कुणाची आहे? बोलवा त्यांना."

"ते आता इथे नाहीत," मालक म्हणाले.

वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. चहा न घेता ते गेले.

निवड त्या संथ यंत्राची झाली. आमच्याकडे पुन्हा कुणी नमुनाही मागितला नाही. वर्षभरात गेटला टाळं लागलं. आमच्याकडे वायरिंग करणाऱ्या बाया शेजारच्या औषध कारखान्यात गोळ्या भरायला गेल्या. कुणी गावाला परतलं.

त्यानंतर मी दांडीला गेलो. मामा अंगणात जाळं शिवत होते. गुडघे गेलेले, होडीवर जाणं जमत नव्हतं. बायको बोईसरच्या बाजारात मासळी विकत होती. मी बाहेरच उभा राहून म्हणालो, "मामा, चुकलं माझं."

ते शिवत राहिले. एक गाठ मारून म्हणाले, "तवा तुमी बोलला असता, तं मना ठेवलं असतं का नाय, म्हाईत नाय. पन माजं लिवलेलं तरी राहिलं असतं." मग म्हणाले, "दुसऱ्या कारखान्यांत गेलो. शेठनं आधीच सांगून ठेवलेलं, हा चाचणीखोलीतले मीटर चोरतो म्हनून. मी चोर हाय काय, सायेब?"

हे मला ठाऊक नव्हतं.

"लिवून द्या," ते म्हणाले. "आता तरी."

ओट्यावर बसून मी लिहिलं: या गृहस्थांनी काहीही चोरलेलं नाही, यांची नोंद खरी होती, ते पान मी फाडलं. खाली नाव घातलं, सही केली. मामांनी कागद नीट वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

तो कागद घेऊन ते तीन-चार गेटांवर गेल्याचं वायरिंगच्या एका बाईनं मला नंतर सांगितलं. बंद पडलेल्या कारखान्यातल्या माणसाच्या सहीला कोण विचारतो? कुणी आत घेतलं नाही. मला मात्र पुण्यात लगेच नोकरी मिळाली, चाचणी विभागातच. मुलाखतीत त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी सांगितलं, कारखाना बंद पडला.