सात अंशांचं टिपाड

जालन्याच्या त्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, कधी दहा. त्यामुळे तिथं पाण्यालाही नावं आहेत. नळाचं ते कोरं पाणी आणि अंघोळीचं, धुण्याचं वापरून झालेलं ते उष्टं पाणी. मालनबाई हे उष्टंसुद्धा वाया जाऊ देत नसे. मोसंबीच्या मार्केटात फळं निवडायला जाणारी बाई. तिनं गल्लीच्या तोंडाशी तीन लोखंडी टिपाडं मांडून नळीनं एकमेकांना जोडली होती. पहिल्यात फुटकी कौलं, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात कोळसा. अकरा घरांचं उष्टं पाणी त्यातून गाळून निघे आणि संडासाला, सड्याला, कर्दळीला पुरून उरे.

समोरच्या माडीवर सोमेश्वर सर भाड्यानं राहत. मूळचे टेंभुर्णीचे, एका खासगी आयटीआयमध्ये पोरांना आराखडे काढायला शिकवत. त्यांची रेघ बघत राहावी अशी. पण स्वतःची म्हणावी अशी एकही कल्पना त्यांना आजवर सुचली नव्हती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तेच आत कुठंतरी सलत असे.

तशात ‘उद्याचं शहर’ नावाच्या स्पर्धेची जाहिरात आली. कमी पाण्यात, कमी विजेत माणसं शहरात कशी राहतील, त्याचा आराखडा मागवला होता. सर पंधरा दिवस कोऱ्या कागदाकडं बघत बसले. सोळाव्या दिवशी त्यांनी खिडकीतून खाली बघितलं.

मालनबाईनं त्यांना सगळं हौसेनं समजावून सांगितलं, वर चहाही पाजला. फोटो कशाला काढता म्हणून तिनं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, असंच, पोरांना दाखवायला. ती मार्केटला गेली की ते टेप घेऊन खाली उतरत आणि मापं घेत. मधलं टिपाड जरा कललेलं होतं. सरांनी कोनमापक लावला, सात अंश भरले. गाळ एका अंगाला बसावा म्हणून बाईनं ते मुद्दाम तसं ठेवलं असणार, असं ते धरून चालले. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर मापं कशाला घेता हेही सांगावं लागलं असतं. मग त्यांनी आराखड्यात तिन्ही टिपाडं सात अंशांत कलवली, शेजारी बाण काढून ‘गाळनियंत्रक उतार’ असं झोकात लिहिलं. उष्ट्या पाण्याचं ‘पुनर्वापरयोग्य जल’ झालं. अर्जात एक रकाना होता : मूळ संकल्पना कोणाची? तिथं पेन घटकाभर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘स्वतःची’.

शेवटच्या पाचांत त्यांचं नाव आलं आणि परीक्षक जागा बघायला येणार असं कळलं. सरांनी मुद्दाम दुपारची वेळ दिली, मालनबाई मार्केटात असते ती. पण सरांना बक्षीस मिळतंय ही बातमी गल्लीभर झाली होती. बाईनं मजुरीचा खाडा केला, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि टिपाडांपाशी येऊन उभी राहिली. तिच्यामागं अख्खी गल्ली जमली.

परीक्षक होत्या प्रियदर्शनी मॅडम. त्यांनी आराखडा पसरला, टिपाडांकडं बघितलं, परत आराखड्याकडं बघितलं. कागदावर तिन्ही सात अंशांत कललेली आहेत, इथं मधलं एकच कसं, असं त्यांनी विचारलं.

शेजारची बेबीनंदा हसायलाच लागली. “मॅडम, त्याला तं विटाचा टेम्पो मागं घेताना धडकून गेल्ता. बूड चेपलंय त्याचं.”

मालनबाईनं एकदा आराखड्याकडं बघितलं, एकदा सरांकडं. तिला वाचता येत नव्हतं, पण तीन कललेली टिपाडं कागदावर दिसत होती. तेवढ्यावरून तिला सगळं उमगलं. सरांना ते दिसलं. आता ही बोलणार, आणि बोलावंच तिनं, असंही त्यांना क्षणभर वाटलं.

“हिला काय म्हाईत,” मालनबाई म्हणाली. “हे समदं सरांनी शिकवलं आमाला. तिन्ही कलते करा म्हन्ले होते. मीच आळस केला, दोन राह्यले.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. सर मान खाली घालून उभे राहिले. एक शब्द पुरला असता.

बक्षीस मिळालं. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला, त्यावर सरांचा फोटो आणि खाली तीन कललेली टिपाडं. सर त्यानंतर मागच्या बोळानं ये-जा करू लागले. घास गोड लागेना. वर्गात पोरांनी टाळ्या वाजवल्या, तर ते त्यांच्यावरच खेकसले. शरम वाटायची आणि ती सांगायलाही एकच माणूस होतं. पाचव्या दिवशी सकाळी ते खाली उतरले.

मालनबाई पहिल्या टिपाडाखाली वीट सरकवायची खटपट करत होती. तिसऱ्याखाली एक वीट आधीच बसवली होती.

“मालनबाई, हे काय करून राह्यल्या?”

“त्या मॅडम फिरून येणार हायत म्हनं, फोटो काढाया.”

सर दोन पावलं पुढं आले. “मी त्यांना पत्र लिहितो. हे तुमचं आहे, माझं नाही. मी चोरलं, असं सरळ लिहितो.”

बाईनं वीट खाली ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला. ती रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

“मला म्हाईत हाय की, सर,” ती म्हणाली. “पन आता कशाला लिवता? त्या बाईला मी माझ्या तोंडानं सांगितलंय. अकरा घरं ऐकत होते. त्याच्या आधी जल्मात कंधी खोटं बोल्ले न्हाई मी. तुमी लिवलं तं आता मी खोटी पडंन.”

तिची कल्पना घेतली, ती परत करता आली असती. तिनं आपल्यापायी बोललेलं हे खोटं कसं परत करायचं, ते सरांना कळेना.

“धरा इकडून,” मालनबाई म्हणाली.

सरांनी वाकून टिपाड धरलं. भरलेलं होतं, जड. दोघांनी मिळून ते कलवलं, बाईनं पायानं वीट आत लोटली आणि मागं सरून बघितलं.

“बघा बरं,” तिनं विचारलं, “सात झाले का बराबर?”