बादलीतलं बिऱ्हाड

आमच्या घरी गिटार आहे, तिच्यावर पिशव्या टांगलेल्या असतात. ट्रेडमिल आहे, त्यावर टॉवेल वाळतात. बोन्सायची कुंडी आहे, तिच्यात आता कढीपत्ता येतो. माझ्या छंदांपैकी तेवढाच एक कामी आला, असं बायकोचं म्हणणं. मी सुरुवात झकास करतो. पुढचं विचारू नका.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एके दिवशी आमच्या चौथीतल्या लेकीने कराटेच्या क्लासला जायचं बंद केलं. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाबापण सोडतो की." बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पोळ्या लाटत राहिली. ते जास्त लागलं. पोरीने माझ्याकडून घेऊन घेऊन हेच घेतलं, या विचाराने मी खरोखर घाबरलो. आणि घाबरल्यावर शहाणा माणूस जे करणार नाही ते केलं. आणखी एक छंद आणला.

बोरिवलीच्या दुकानात मी ऐटीत 'सिचलिड' मासे मागितले. दुकानदार म्हणाला, "सिक्लिड म्हणतात, साहेब. पहिल्यांदाच पाळताय?" मी म्हटलं, छे, घरी आधी पुष्कळ होते. मग त्याने मला काहीच समजावलं नाही. एवढंच म्हणाला की यांना जड, क्षाराचं पाणी लागतं, शिंपले घालत चला.

सोफा सरकवून हॉलमध्ये टाकी बसली. बायको माहेरची मालवणी, त्यामुळे शिंपल्यांची सोय घरातच होती. लागोपाठ कितीतरी रविवार आम्ही तिसऱ्यांचं सुकं खाल्लं आणि शिंपले उकळून, घासून टाकीत टाकले. पाणी मुरेपर्यंत मासे सोडायचे नसतात. तोवर शेजारचे काका रोज येऊन दिव्यांनी उजळलेल्या रिकाम्या टाकीपुढे उभे राहायचे. "मासे लाजतायत काय रे?"

शेवटी पिवळेधमक मासे आले. बायको वाकून बघत म्हणाली, "ही तर चिलापी! बाजारात ढिगाने असते. हिला फक्त हळद लावलीये." मी रागावलो. नंतर मोबाईलवर वाचलं, तर चिलापी खरंच यांच्या भावकीतली निघाली. तिला अजून सांगितलेलं नाही.

काही आठवडे बरे गेले. मग त्या माशांतल्या एकीने खाणं सोडलं. जबडा सुजलेला, दगडाआड तोंड मिटून बसलेली. मी पाणी बदललं, औषध टाकलं, काही फरक नाही. दुकानदाराला विचारायचं तर त्याच्यापुढे आधीच फेकून बसलेलो. वाट लागली. ही मरणार आणि पोर ते बघणार. त्यापेक्षा सगळे मासे परत दिलेले बरे, असं मी ठरवलं आणि 'त्यांच्याच भल्यासाठी' असं स्वतःला सांगितलं. असं काहीतरी मी दर वेळी सांगतोच. गिटारच्या वेळी माझी बोटं नाजूक होती.

रविवारी सकाळी अंघोळीची बादली आणि जाळी घेऊन आलो. लेक काचेला नाक लावून बसली होती.

"बाबा, थांब. तिच्या तोंडातून कोणीतरी बघतंय."

"काहीतरीच काय!"

"अरे, बघ ना!"

मी खाली बसलो. माशाने तोंड इवलंसं उघडलं आणि आत डोळे दिसले. काळे, टाचणीच्या डोक्याएवढे, पुष्कळ. ती आजारी नव्हतीच. पिल्लं तोंडात धरून बसली होती, म्हणून उपाशी होती, आणि मी तिच्यावर औषधोपचार करत होतो. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

आता दुकानदाराला फोन करून खरं सांगणं भाग होतं. तो पोटभर हसला आणि म्हणाला, हिला वेगळी ठेवा, नाहीतर बाकीचे मासे पिल्लं खातील. परत न्यायला आणलेली तीच बादली मग टाकीच्या पाण्याने भरली, हवेची नळी सोडली, तळाशी शिंपले पसरले. आम्ही तिघं पातेल्यातून अंघोळ करू लागलो.

"बघ जरा तिच्याकडे," बायको म्हणाली. "एकदा धरलं की सोडत नाही."

काही दिवसांनी शिंपल्यांमधून पिल्लं पळताना दिसली. लेक ओरडली, "बाबा, तिने सोडली! तू नको हं सोडू."

मी संधी साधली. "बरं. मग तूपण कराटे सोडायचं नाही."

"कराटे मला आवडतच नाही रे. तुझं नाव घेतलं की आई तुझ्यावर चिडते, माझ्यावर नाही, म्हणून तसं सांगितलं." तिची नजर बादलीवरच होती. "तुला हे आवडतं ना?"

म्हणजे मी घाबरलो होतो ते फुकटच. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा. गिटार मित्रांना दाखवायला आणली, ट्रेडमिल डॉक्टरांना, टाकी पोरीला.

"आवडतं," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

संध्याकाळी बाजारात जाऊन अंघोळीसाठी नवी बादली आणली.