आत्याच्या नावाची साखर
ओलसर पोत्याचा वास आला, की निपाणीतली ती दुपार आठवते. आत्या वारली होती, पण बाजारातली साखर परवडत नव्हती, म्हणून आईनं रेशनकार्डावर तिचं नाव तसंच ठेवलं होतं. अचानक दारात रेशनकार्डं तपासणारा इन्स्पेक्टर आला आणि एकेक नाव पुकारू लागला. आत्याचं नाव येताच आईनं मांडीवरचं विड्यांचं सूप पानांच्या ओल्या पोत्यावर ठेवलं. तेवढ्यात तिच्याजवळ विड्या वळत बसलेली शेजारची आक्का म्हणाली, "मीच की, सायेब." तो गेल्यावर आईनं तिच्यापुढं वाटीभर साखर धरली. आक्का मागं सरकली. "नगं गं. मेलेल्या बाईच्या नावाला ओ दिली म्या. लई भ्या वाटतंय." पुन्हा ती आमच्या घरी आली नाही. अजूनही जनगणनेवाले नावं विचारू लागले, की माझी बोटं आधी घरातली जिवंत माणसं मोजू लागतात.